काटा चारावर

"कोंडिबाकाका हायेत का हितं?"

जाळं वाळत घालताना जयानं मान वळवली. रिमझिम पावसात खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन एक उंच माणूस उभा होता. पाहताक्षणी तिला माणूस आवडला, आणि तो 'काका' अजिबात आवडला नाही. मावळात मामाच्या पोरीशी लग्न लागतं. काकाची पोर म्हणजे सरळ बहीण. आल्या आल्या नातं लावून मोकळा झाला मेला.

हा वाल्मीक. मूळचा नेऱ्याचा, पुण्याच्या गॅरेजात मिस्त्री. मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर जयाचे आबा, म्हणजे वडील कोंडिबा, एका मालकाची लाँच चालवायचे, साठ-बासष्ट सालची गोष्ट. पलीकडच्या वाड्यांतली पोती, पाहुणे, अडलेली बाळंतीण, सगळ्यांना तीच एक वाट. त्या भाद्रपदात लाँचनं नाटकं सुरू केली. काठाला गुणी पोरीसारखी चालू व्हायची, मधोमध गेली की बंद. मालकानं निरोप धाडला होता, शनिवारी मी स्वतः बसणार. बंद पडली तर लाँच भंगारात आणि कोंडिबा घरी. म्हणून आबांनी हा मिस्त्री बोलावला होता.

वाल्मीकनं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा बदलला. कार्बोरेटर खोलून एकेक पुर्जा सागाच्या पानावर ओळीनं मांडला, फुंकून, पुसून परत बसवला. आबा इंजिनाला शिव्या घालायचे. हा त्याच्यापाशी कान नेऊन बसायचा. काय ती बोटं… काळी, लांबसडक, आणि इतकी हळुवार. चहा द्यायला म्हणून जया चार वेळा आली.

शेवटी त्यानं पंप आणि कार्बोरेटरच्या मधल्या नळीला काट्याची एक तबकडी जोडली.

"ह्याच्यात काय दिसतं, मेस्तरी?"

"पेट्रोल किती जोरानं येतंय ते. काटा चारावर म्हंजे तब्येत झकास."

"माणसाला लावता येतो का?"

"येतो की. पन आत्ता लावला तर फुटंल…"

एवढं बोलला आणि इंजिनात डोकं घालून बसला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, त्या तिनं बरोबर पाहिल्या.

तिघं पाण्यावर निघाली. काटा चारावर. थोड्या वेळानं तिनावर, मग एकावर, आणि इंजिन गप्प. वल्ही मारत काठाला आली, इंजिन चालू केलं, तर काटा पुन्हा चारावर. दोन दिवस हाच खेळ. शनिवारला किती दिवस उरले ते आबा बोटांवर मोजू लागले.

"पंप नवा, टाकीत पेट्रोल हाय," वाल्मीक हताश होऊन म्हणाला. "तरी मागनं कुनी तरी ओढून धरल्यागत होतंय. काठाला आलं की बरं."

"काठाला आलं की तुमी काय करता?"

"काय करनार? झाकन उघडून पेट्रोल बघतो."

जयाची नजर टाकीच्या झाकणाकडं गेली. त्याच्या डोक्यावर एक बारीक भोक होतं. मागच्या पावसात पेट्रोलमध्ये पाणी गेलं, म्हणून यंदा तिनंच शेजारच्या भिमाबाईकडून मधाच्या पोळ्याचं मेण आणून ते बुजवलं होतं, वरून लाँचचा निळा रंगही फासला होता. रॉकेलच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय धार लागत नाही, हे तिला का ठाऊक नव्हतं? सांगावं तर आबा रागावणार, आणि हा माणूस एसटीत बसून जाणार. न सांगावं तर शनिवार. तिनं सांगून टाकलं.

आबांनी कपाळाला हात लावला आणि वल्ही उचलली. पुन्हा मधोमध गेली. काटा दोनावर आला तेव्हा वाल्मीक म्हणाला, "उघडा."

तिनं झाकण फिरवलं. टाकीनं फुस्सकन हवा ओढली, आणि काटा चढत चढत चारावर जाऊन थांबला. वाल्मीक काट्याकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघत राहिला.

"हे मला सापडलं नसतं," तो म्हणाला. "टाचनी हाय का?"

तिनं केसातला आकडा काढून दिला. भोक मोकळं झालं; आकडा त्यानं खिशात ठेवला.

आबा सुकाणूपाशी, पाठमोरे. इंजिनाचा आवाज मोठा. जया हळूच म्हणाली, "तुमचं सगळं आवडतं मला, मेस्तरी. एक सोडून."

"काय?"

"आबांना काका म्हनता ते…"

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो काठ येईपर्यंत नुसता काट्याकडं बघत बसला, आणि जयाला वाटलं, आपण घाण केली.

शनिवारी मालक बसले, पलीकडं जाऊन आले, छत्री उघडून निघून गेले. लाँच राहिली. संध्याकाळच्या एसटीला वाल्मीक निघाला.

"परत बिघडली तर?" आबांनी विचारलं.

"न्हाई बिघडायची. तरी रविवारी आईला घेऊन येतो. तिला तुमच्याशी बोलायचंय." त्यानं वाकून पाया धरले. "येतो, मामा."

एसटी दिसेनाशी झाली तरी आबा तिथंच उभे.

"जया, ह्यो मला काय म्हनाला गं?"

"मामा म्हनाला, आबा," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून घरात पळाली.