मोजणीदार विचारत होता

तो फक्त ट्यूब आणायला गेला होता. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, तेही सपाट वाटेने. काम म्हणाल तर एवढंच.

सांगतो, पण मध्ये कुणी बोलायचं नाही. उद्या तुम्हालाही त्याच वाटेने जायचंय म्हणून आज सांगतोय. आणि ज्याच्यावर हे बेतलं तो कुणी ऐकीव माणूस नाही. माझ्या नाकावरचा हा चष्मा त्यानेच केलाय. आपण त्याला चष्मेवालाच म्हणू. बोलायला मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चाळिशी उलटल्यावर लग्न केलं. बायको शाळेत चित्रकला शिकवते, तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा जमिनीची मोजणी करायचा. तो आजारपणात गेला, घरी, स्वतःच्या अंथरुणात. कालव्यात बुडाला वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर हा मोजणीदार आणि ती, दरवर्षी थंडी पडली की या कालव्याकाठच्या सायकलवाटेने चार दिवस फिरायचे. वाट तुम्ही आज पाहिलीतच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला झाडं. तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत, त्यातून सायकल तेवढी आत जाते, मोटारीचं नाव नाही. अशी अकरा वर्षं दोघं फिरले. चष्मेवाल्याशी लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी ती त्याला म्हणाली, "आपण जाऊ या का? मला ती वाट सोडवत नाही."

वाट सोडवत नाही की वाटेवरचा माणूस, हे याच्या ओठांवर आलं होतं. पण गिळलं. नवी सायकल घेतली आणि निघाला.

पहिल्याच दिवशी कालव्याच्या दरवाजावरचा राखणदार भेटला. याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत त्याने तिला विचारलं, "बऱ्याच वर्षांनी आलात. मोजणीदार नाहीत बरोबर?" ती म्हणाली, "गेले ते." त्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि किती वेळ नुसता पाण्याकडे बघत राहिला. पुढे एक बाक आला. "इथे तो चहा करायचा." पुढे पूल. "इथे तो मुद्दाम घंटी वाजवायचा, आवाज घुमतो म्हणून." दुपारी वारा समोरून सुटला. मोजणीदार अशा वेळी पुढे व्हायचा आणि ती त्याच्या आडोशाने चालवायची, हेही याला कळलं. म्हणून हा पुढे झाला. अर्ध्या किलोमीटरात छाती भात्यासारखी वाजायला लागली. ती मायेने म्हणाली, "दमशील. तू आपला मागून ये."

तिने रागावून म्हटलं असतं तर परवडलं असतं.

बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला तसं काही आलं तर त्याला आपल्या भाषेत शब्दही नाही, पण दुखणं तेच. वर हा गडी मेलेला. तो घोरणार नाही, चिडणार नाही, त्याचं पोट सुटणार नाही. त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

तिसऱ्या मुक्कामाला पोचले तेव्हा तिच्या मागच्या चाकातली हवा पार गेली होती. ट्यूब वॉल्व्हपाशी फाटलेली, जवळची जादाची ट्यूब आदल्या दिवशीच वापरून झालेली. ती म्हणाली, "सकाळी बघू." पण मुक्कामाच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर एक फोटो होता. ती आणि उंच, लांब ढांगांचा मोजणीदार, दोन सायकली, त्याचा हात तिच्या हँडलवर. मालकीणबाई तो फोटो पुसता पुसता म्हणाल्या, "काय जोडी होती." चष्मेवाला उठला. म्हणाला, "मागच्या गावात दुकान पाहिलंय मी. आत्ताच घेऊन येतो."

नोव्हेंबरची सतरा तारीख, शनिवार. सहा वर्षं झाली. दुकानातून ट्यूब घेऊन तो परत फिरला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने घड्याळ बघितलं होतं, म्हणून सांगतो.

धुकं पडलं होतं. सायकलच्या दिव्यात पुढची चार हात वाट तेवढी दिसायची. पाणी दिसत नव्हतं, पण आहे हे कळत होतं. दोनेक किलोमीटर आला असेल. मागून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. कुणीतरी पायडल न मारता, नुसती सायकल सोडून येत होतं.

"एकटेच?" मागच्याने विचारलं.

"बायको आहे पुढे मुक्कामाला. ट्यूब आणायला आलो होतो."

तो माणूस बरोबरीला आला, पाण्याच्या बाजूने. त्याच्या सायकलला दिवा नव्हता. चष्मेवाल्याला बरंच वाटलं. धुक्यात सोबत कुणाला नको असते? आणि माणूस माहितगार होता. "पुढे झाडाचं मूळ वर आलंय, जरा सांभाळून," म्हणाला, आणि खरंच मूळ आलं. "आता दोन दगडांनंतर वळण आहे," म्हणाला, आणि दुसऱ्या दगडापाशी वाट वळली. चष्मेवाला हसून म्हणाला, "तुम्हाला तर वाट पाठ आहे."

"अकरा वर्षं," तो म्हणाला.

चष्मेवाल्याच्या तेव्हाही काही लक्षात आलं नाही. लोक येतात अकरा-अकरा वर्षं.

वळण मागे पडलं. मग त्या माणसाने विचारलं, "तिचा गुडघा कसा आहे आता?"

याने गुडघ्याचं काही सांगितलं नव्हतं.

"डावा," तो म्हणाला. "थंडीत धरतो."

चष्मेवाल्याने हँडल घट्ट धरलं. त्याने बाजूला बघितलं नाही. फक्त खाली बघितलं. दिव्याच्या उजेडात त्याचं एकट्याचं चाक फिरत होतं. शेजारी टिकटिक चालू होती. इतका वेळ ती चालूच होती. एकदाही पायडल मारल्याचा आवाज नाही. सपाट वाट... उतार नाही... आणि सायकल थांबत नाही.

"बरा आहे," हा कसाबसा म्हणाला.

"बरं."

टिकटिक.

"एक विचारू?"

याने पायडल जोरात मारलं.

"तिला आठवतं का?"

"काय?"

"...मी."

इथे मी त्याला नेहमी विचारतो, की बाबा रे, त्या क्षणी तुला भीती वाटली नाही? तो म्हणतो, वाटली. पण भीतीच्याही तळाशी ते तीन दिवसांचं दुखणं होतं. तो बाक. तो पूल. भिंतीवरचा तो हात. आणि पहिल्यांदाच... पहिल्यांदाच तो माणूस याच्याकडे काही मागत होता.

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

टिकटिक मंदावली.

"कधीच नाही?"

"नाव काढत नाही."

धुकं. पाणी. मग अगदी हळू, मागून, हातभर अंतरावरून...

"बरं."

आणि टिकटिक थांबली.

याने मागे वळून पाहिलं नाही. कसा आला, किती वेळात आला, काही आठवत नाही. आठला पाच कमी असताना तो मुक्कामाच्या घरात शिरला. बायको टेबलाशी सूप पीत बसली होती. त्याचा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं? पडलास की काय?"

खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण सुरुवात कुठून करायची? तो फोटोकडे बघत म्हणाला, "तुझ्या मोजणीदाराला सगळी वाट पाठ होती, नाही?"

"कोण मोजणीदार?"

त्याला वाटलं, दुखावली. "मी मुद्दाम नाही म्हटलं. सहज विचारलं."

"अरे, पण कोण?"

मालकीणबाई पाव कापत होत्या, त्यांचा हात थांबला. चष्मेवाल्याने भिंतीकडे बोट केलं. ती उठली, फोटोच्या जवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं.

"ही मीच की," ती म्हणाली. "हा कोण आहे शेजारी? कुणीतरी मध्येच येऊन उभा राहिलेला दिसतोय."

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिच्या गालाला कशी खळी पडते ते याला ठाऊक होतं.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, तिच्या बहिणीने जुने अल्बम आणून दाखवले. बाकी सगळं जागेवर. वर्गातल्या मुलांची हजेरी तोंडपाठ, लहानपणचा घराचा पत्ता पाठ. अकरा वर्षं या वाटेने फिरल्याचंही आठवतं. एकटीच फिरत होते म्हणते. डॉक्टर म्हणाले, मेंदू असं कधी कधी करतो. म्हणोत बापडे.

आणि चष्मेवाला? त्याला हवं होतं ते मिळालं. पंधरा दिवस तो खूश राहायचा प्रयत्न करत होता. मग त्याच्याने राहवेना. तो स्वतःच तिला मोजणीदाराबद्दल सांगायला लागला. इथे चहा करायचा, पुलाखाली घंटी वाजवायचा, वारा आला की पुढे व्हायचा. तिच्याकडूनच ऐकलेलं तिलाच सांगायचा. ती शेजारच्या गावातल्या कुणाची हकीकत ऐकावी तशी ऐकायची. एकदा म्हणाली, "चांगला असावा रे माणूस." आणि जांभई दिली. त्या रात्री तो मोरीत नळ सोडून रडला. हे त्याने मला सांगितलं, आणखी कुणाला नाही.

पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, तो एकटा त्या वाटेवर जाऊन उभा राहिला. धुक्यात ओरडून सांगितलं, "मी खोटं बोललो. तिला सगळं आठवत होतं." दोन तास उभा होता. कुणी आलं नाही. टिकटिक नाही, काही नाही.

घरी परतला. सायकल आतल्या खोलीत ठेवली, कुलूप घातलं, झोपला.

सकाळी बघतो तर सायकलची सीट चार बोटं वर. त्याचे पाय पायडलला पोचेनात. त्याने खाली केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. बोल्ट बदलला, पुन्हा वर. पाच वर्षं हेच चाललंय म्हणतो. मला खोटं वाटायचं, म्हणून मागच्या रविवारी मी त्याच्याकडे राहायला गेलो. रात्री सीट मी माझ्या हाताने खाली केली, पाना लावून जोर असेल तेवढा लावून आवळली. खोलीची किल्ली माझ्या उशाखाली होती.

सकाळी आम्ही तिघांनी मिळून दार उघडलं.

चार बोटं वर.

चष्मेवाल्याने पाना घेतला. तेवढ्यात त्याच्या बायकोने सीटवर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "का कुणास ठाऊक, अशीच बरी वाटते."