निळा घोट

औषधांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून काकांनी पुतण्यांना समोर बसवलं. "ऐकीव नाही हं," म्हणाले, "माझ्या सख्ख्या भाचीबरोबर घडलेलं."

मागच्या मार्चमधल्या शेवटच्या रविवारची रात्र. भाची याच दुकानातून पाणी दाट करायच्या पावडरचा डबा घेऊन निघाली, ती थेट हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात. तिचं काम पेशंटना गिळायला शिकवायचं.

"गिळायला काय शिकवायचं, काका?" धाकट्याला हसू आलं.

"तुला नको रे. तू तर फुकटचं न चावताच गिळतोस! पण श्वासाची नळी दिवसेंदिवस घशात राहिली, की माणूस साधा आवंढा गिळणंही विसरतो. मग पाजलेलं पातळ पाणी उतरतं फुप्फुसात; दाट केलेलं त्यातल्या त्यात सांभाळता येतं. आणि माणूस हातचा जातो."

डबा खरं तर खिडकीजवळच्या आजींसाठी होता. दुपारी त्या खुणेनं पाणी मागत होत्या आणि नेमकी पावडर संपलेली. तपासल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही, हा नियम. "रात्री नक्की देते हं, आजी," म्हणून भाची उठली होती.

आता खाट रिकामी. नवी चादर, नवा अभ्रा.

"संध्याकाळीच गेल्या," नर्स म्हणाली. "शेवटपर्यंत ओठ हलवत होत्या गं."

भाची शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे एक ट्रकड्रायव्हर, गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली. आज गिळता आलं नाही, तर सकाळी पोटात नळी घालणार. दाराशी त्याची बायको. "ताई, पास करा हो त्यांना. माझ्या हातचं दोन घास खाऊ द्या."

भाचीनं दाट पाण्यात निळा रंग कालवला. घोट वाट चुकला तर गळ्यातल्या नळीतून निळं निघतं, म्हणून. चमचा त्याच्या जिभेवर रिकामा केला. बोटं कंठमण्यावर ठेवली. गिळलं की तो वर उचलला जातो, बोटांना कळतं.

"गिळा, दादा."

कंठमणी हलला नाही.

घोट मात्र ऐकू आला... मागून.

तिनं वळून पाहिलं. खिडकी. रिकामी खाट.

"गिळा..."

पुन्हा. सावकाश. फार तहानलेल्या माणसाचा घोट.

बोटांखाली गळा तसाच, दगडासारखा. ड्रायव्हरचे डोळे तिच्या खांद्यावरून मागे... विस्फारलेले.

तिनं त्याचं तोंड उघडलं. साफ. मशीन लावून गळ्यातल्या नळीतलं पाणी शोषून पाहिलं. निळा थेंब नाही.

"गिळलं की हो त्यांनी!" बायकोला रडूच फुटलं. रात्रपाळीचे डॉक्टर म्हणाले, "पास. उद्यापासून पाजा."

"नाही," भाची म्हणाली. "यांनी नाही गिळलं."

"मग कोणी गिळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं खाटेच्या पाटीवर 'तोंडानं काहीही नको' असं लिहिलं. बायकोच्या शिव्या खाल्ल्या. सकाळी ड्रायव्हरच्या पोटात नळी गेली. आहे जिवंत, नळीवरच. बायको अजून भाचीचं तोंड बघत नाही.

आणि त्या रात्री निघताना... भाचीनं खिडकीजवळची उशी सरळ करायला हात लावला.

अभ्रा ओला होता.

दोन ओठांएवढा. निळा.