खिळा

“भाड्याच्या घरात खिळा ठोकू नोको, शेवंते. खिळ्यासंगं जीवबी ठोकल्या जाते.”

आई असं म्हणायची. तिला, रुख्माबाईला, जाऊन सात वर्षं झाली, तरी विड्यांसाठी तेंदूचा पत्ता कातरताना शेवंताच्या कानात तो आवाज वाजायचा. बालाघाटच्या राइस मिलमागे सहा खोल्यांची ओळ होती, त्यातल्या शेवटच्या खोलीत तिचा सगळा जन्म गेला. पण भिंतीला एक खिळा नव्हता. कपडे पेटीत, कंदील भुईवर.

ज्येष्ठातल्या एका सकाळी तिच्या सुपातल्या विड्यांवर अचानक उन्हाची चकती पडली. तिनं वर पाहिलं. छपराचं एक मातीचं कौल, कवेलू, उचललेलं होतं आणि त्या जागी दोन डोळे होते.

“खाली कोनी हाय का जी?”

“नाही. विड्या आपोआपच वळून राह्यल्या.”

डोळे हसले. “मी खेमराज, राजेगावचा. पावसाआधी कवेलू काढून फेराले शेठनं धाडलं. तुमचं नाव?”

“छपरावरच्याले नाव सांगत नसतेत.”

“मंग लवकर उतरा लागते...”

“पोरा,” शेजारची गोदाबाई अंगणातून ओरडली, “कवेलू पाहून उचल. पोरगी पाहून उचलशीन त पडशीन.”

एकेक कवेलू निघत गेला, तशा तिच्या खोलीपासून ओळीतल्या साही खोल्या उजेडानं भरत गेल्या. वरून गुणगुणणं येई, मध्येच प्रश्न येई. “तुमच्या भितीले खिळाच नाही?” तिनं आईचं बोलणं सांगितलं. वरून लगेच आलं, “मंग जीव कुठं टांगता?” ती लाजली, आणि पत्ता वाकडाच कातरला गेला. दुपारपर्यंत त्यानं दोनदा पाणी मागितलं. दुसऱ्यांदा तहान नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

दुपारी घरमालक दुलीचंद शेठ आला, शिडीपाशी हळू आवाजात काही बोलला आणि गेला. वरचं गुणगुणणं थांबलं.

शेवंतानं लोटा वर धरला. “घ्या जी.”

“नोको.”

“काहून? राग आला का?”

“बाप सांगे... ज्याचं घर उघडं टाकलं, त्याच्या घरचं पानी पेवू नये.”

“मंग झाका ना घर.”

तो खाली न पाहताच म्हणाला, “झाकाले शेठनं मना केलं. साही घरं असेच ठेव म्हणते. पाऊस आला का तुमी आपोआप निंगान. मंग इथं बाबूलोकासाठी पक्के क्वाटर.”

जिल्ह्याच्या गावात ऑफिसं वाढली, तसे खोल्यांचे भाव चढले. या सहा घरांनी चिखल तुडवून भिंती उभ्या केल्या, शेणानं भुई धरली. पण शेठनं कधी कुणाला भाड्याची पावतीच दिली नव्हती. म्हणजे कागदावर इथं कुणी राहतच नव्हतं. आणि जे राहतच नाहीत त्यांना हाकलायचं कशाला? पावसावर सोपवलं की झालं. पावसावर कोण खटला भरणार!

“अन् तुमी उतरवले,” शेवंता म्हणाली.

“फेराचे म्हनले, म्हनून उतरवले. पहिले इचाराले पाह्यजे होतं. चुकलो.”

तिनं पदर खोचला आणि अंगणातला पहिला कवेलू उचलून त्याच्या हाती दिला. गोदाबाईनं दुसरा दिला. मग साही घरांतली माणसं रांगेत उभी राहिली. हातातून हातात कवेलू वर चढू लागला, एक पालथा, एक उताणा.

ऊन कलताना शेठ परतला. “ऐ खेमराज, ये क्या कर रहा है? मना केलं होतं ना? या लोकांचा तू कोन लागतो?”

खेमराजनं आढ्यावर शेवटचा कवेलू बसवला. तो खाली उतरला. “घर झाकलं,” तो शेवंताला म्हणाला. “आता पानी द्या... अन् नाव.”

तिनं पाणी दिलं. मग त्याच्या झोळीतून हातोडी घेतली, एक खिळा घेतला, आणि दारालगतच्या भिंतीत तीन घावांत ठोकला. वर कंदील टांगला. शेठकडे वळून, लग्नातल्या बाया उखाणा घेतात तसं, पण मान ताठ ठेवून ती म्हणाली,

“भितीत ठोकला खिळा, छपराले नाही फट,
शेवंता खेमराजचं नाव घेते, सोडत नाही चौकट.”