येतो म्हणणाऱ्यांची पत्रे

शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्राचं पाणी तपासणाऱ्या केंद्रात माणूस एकच होता, शर्वाणी घैसास. यंत्रं आपली कामं आपण करत. ती करताहेत ना, एवढंच तिने बघायचं. अशा नोकरीत माणूस आधी भिंतींशी बोलतो आणि भिंतींचा कंटाळा आला की दुसरी माणसं शोधतो.

'एकांडे' हा संवादमंच अशाच लोकांचा होता. दीपगृहांचे, हवामान केंद्रांचे, आडरानातल्या धरणांचे एकटे राखणदार तिथे जमत. इतक्या लांबून मंच उघडून वाचणं शक्य नव्हतं. कोणी उत्तर दिलं की ते ईमेलने येई, तेवढाच आधार. इतरांची उत्तरं येतही. पण नवी दळणवळण यंत्रणा बसल्यापासून भास्करकाका उपळेकरांचं एकही आलं नव्हतं. काका कोकणातल्या एका दीपगृहावर होते. सुरुवातीला ती रडकुंडीला आली तेव्हा त्यांनीच तिला हसवलं होतं, "अगं, तुझ्याकडे बर्फ फुकट आहे, फक्त सरबताचं बघ!" ते गप्प झाल्याचं तिला फार लागलं होतं.

तिने पत्ता तपासला, नको असलेल्या पत्रांची टोपली उपसली, सदस्यत्व रद्द करून पुन्हा घेतलं. शेवटी टायटनवरच्या दळणवळण अभियंत्याला, वसईच्या अंतोन लोपीसला, साकडं घातलं.

"अगं, पत्रं हरवली नाहीत," टायटनवरून आठ-दहा सेकंदांनी अंतोनचा आवाज आला. "माझ्याकडे पडून आहेत. काकांचीही आणि तुझीही."

"माझीही? म्हणजे त्यांना काहीच मिळालं नाही?"

"नाही. पृथ्वीवरून इथे शब्द यायला दीड तास जवळपास. अर्ध्या बोलण्यावर उत्तरं दिली की ती एकमेकांना ओलांडतात, सगळा घोळ. म्हणून अर्थवेधक बसवला. तो मजकूर वाचून ठरवतो, माणसाचं बोलणं संपलं की नाही. संपलं तरच पत्र सोडतो. बाकीचे लिहितात, 'ड्युटीला निघतो', 'झोपायला जातो'. त्यांची सुटतात."

"आणि काका?"

"काका दरवेळी शेवटी लिहितात, 'बरं, येतो.' तू त्यांना लिहितेस, 'येते हं.' तो बिचारा तुम्ही परत यायची वाट बघत बसलाय."

शर्वाणी हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. ज्यांनी हे बनवलं त्यांनी शब्दकोश वाचला होता. दारात चप्पल घालणारा माणूस पाहिला नव्हता.

तेवढ्यात टेबलावर घंटी वाजली. पडद्यावर नाव होतं, भास्कर उपळेकर.

"आलं! अंतोन, काकांचं पत्र आलं! केलंस ना दुरुस्त? गुणी बाळ!"

आठ-दहा सेकंद गेले.

"शर्वाणी, मी अजून कशालाच हात लावलेला नाही. पृथ्वीवरून परवानगी आल्याशिवाय लावताही येत नाही."

तिचं हसू ओठावरच राहिलं. तिने पत्र उघडलं आणि अंतोनला ऐकू जाईल असं वाचलं.

'शर्वाणी, तू कामात असशील. माझं दीपगृह आता माणसाशिवाय चालणार. उद्या मुलाकडे निघालो, मंचही सोडतो. उत्तर दिलं नाहीस म्हणून राग नाही हो. म्हाताऱ्यांना किती उत्तरं द्यायची? सांभाळून राहा. बरं, जातो.'

उत्तर लिहितेय असं अंतोनला सांगून तिने धडाधड लिहिलं. सगळं सांगितलं, यंत्राचं, अडकलेल्या पत्रांचं, 'जातो असं कधी म्हणू नये काका' हेही. शेवटी सवयीने 'येते' उमटलं.

"शेवटी काय लिहिलंस?" अंतोनने घाईने विचारलं.

"येते."

"मग ते माझ्याकडेच अडकणार. जाण्याचाच शब्द हवा त्याला. परवानगी यायला चार दिवस जातील, तोवर काका मंचावर नसतील."

तो शब्द कळत्या वयापासून कुणाचा निरोप घेताना तिने उच्चारला नव्हता. लहानपणी एकदा तोंडून निघाला तर आईने दारातून परत बोलावून बसवलं होतं. तिने 'येते' खोडलं आणि लिहिलं, 'काका, शेवटचा शब्द यंत्रासाठी आहे. तुमच्यासाठी नाही. जाते.'

पत्र क्षणात सुटलं. ते वेळेत पोहोचेल का, हे कळायला निदान तीन तास लागणार होते. शर्वाणी उठून उभी राहिली आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "येते हं, काका."