घरच्यांनीच रंगवायचा दगड

आमच्या पालो सेको गावात नोव्हेंबरात ढग आले की लोक दारात येऊन उभे राहतात. आनंदाने नव्हे, संशयाने. वाळवंटाला पावसाची सवय नाही आणि आम्हालाही नाही. त्या दिवशी मी कॉलेजच्या कमानीखाली आभाळाकडे बघत कुरकुरत होते, कारण तो चुन्याचा, टेकडीवरचे दगड रंगवायचा दिवस होता आणि ओल्या दगडावर चुना धरत नाही.

"आत यायला परवानगी लागते का?"

मी वळले. एक मुलगा उभा होता. हॅट काढून हातात धरलेली, केसांतून पाणी निथळतंय आणि बुटांना हा एवढा चिखल! मी आधी बुटांकडे पाहिलं... मग डोळ्यांकडे. बुटांवरच थांबले असते तर बरं झालं असतं.

"परवानगी नाही, पायपुसणं लागतं," मी म्हटलं.

त्याने मुकाट्याने बूट पुसले. अगदी शाळेतल्या पोरासारखे, आधी डावा, मग उजवा. "मी इसिद्रो. जानेवारीपासून वेल्डिंग शिकायला येणार आहे. म्हटलं, आधी कॉलेज डोळ्यांनी बघून घ्यावं."

"मी ओदिलिया. चला, दाखवते."

कॉलेज दाखवणं हे माझं कामच होतं. इथेच शिकले आणि इथेच प्रवेशाच्या ऑफिसात चिकटले. पण तो सगळा महिना ते काम माझ्या जिवावर आलं होतं. आमच्या प्रमुख प्रॅटबाईंनी दार लावून आम्हाला सांगितलं होतं, की मे महिन्यात कॉलेज कायमचं बंद होणार. तांब्याची खाण बंद पडली, माणसं शहरात गेली, आता शिकवायचं कुणाला? "पण नाताळापर्यंत कुणी ब्र काढायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आणि आलेला मुलगा परत जाता कामा नये."

तर मी त्याला सगळं दाखवलं. मातीच्या विटांच्या जाडजूड भिंती. नाटकाचं स्टेज. खाणकामगारांनी वर्गणी काढून आणलेला पियानो, ज्याच्या निम्म्या पट्ट्या आता मुक्या आहेत.

"एवढी जुनी इमारत... भूतबित आहे की नाही?"

"आहे ना. गणिताचे सर. अजून पगार घेतात."

तो मोठ्याने हसला आणि ते हसू रिकाम्या वऱ्हांड्यात कितीतरी वेळ फिरत राहिलं. या वऱ्हांड्यात कुणी हसल्याला खूप दिवस झाले होते.

"आणि ते 'तुम्ही' सोड की," तो म्हणाला. "मी कापसाच्या कारखान्यात मशीन पुसतो. तिथे मला नुसतं 'ए' म्हणतात."

"बरं... ए!"

"हां. आता कसं!"

तोवर सर थांबली होती. खाली अंगणात प्रॅटबाईंनी त्याला गाठलंच. चुन्याच्या दिवशी आमच्याकडे पाहुणाही सुटत नाही. "जानेवारीत येणारच आहेस ना? मग आजच दगड निवड!" असं म्हणून त्यांनी एक बादली आम्हा दोघांच्या हातात अडकवली.

कॉलेजमागच्या टेकडीवर दगडांचं एक प्रचंड अक्षर आहे, गावाच्या नावातलं पहिलं. नव्या विद्यार्थ्याने त्यातला एक दगड निवडायचा, चुन्याने पांढरा करायचा, की तो दगड त्याचा आणि तो गावाचा. मग दर वर्षी येऊन आपला दगड आपण रंगवायचा.

आम्ही बादली मध्ये धरून चढत होतो. पावलं जुळेनात, चुना हिंदकळत होता.

"तू माझ्या बाजूला का ओढतेस?"

"मी ओढत नाहीये. तूच येतोयस."

"खरंय," तो हळूच म्हणाला. मी निवडुंगांकडे बघत राहिले.

वर पोचल्यावर मी आधी बाबांचा दगड रंगवला; तेही इथेच शिकलेले. खाणीने बाबांची छाती खाल्ली होती, त्यांना घराच्या पायऱ्यासुद्धा चढवत नव्हत्या. शेजारचाच दगड माझा. इसिद्रोने सहज ब्रश बुडवला आणि तो माझ्या दगडावर वाकला.

"ए! हात लावू नकोस!"

"काय झालं?"

"आपला दगड आपणच रंगवायचा. नाहीतर घरच्यांनी. परक्याने नाही."

"घरच्यांनी म्हणजे... कुणी कुणी?"

"आई. बाप. मुलं."

"एवढेच?"

"...नवरा."

"अच्छा," तो म्हणाला आणि ब्रश असा जपून बाजूला घेतला, की माझे कान तापले.

मग त्याने स्वतःसाठी एक दगड शोधला. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. "हा चालेल? शेजारी भांडकुदळ आहे म्हणा, पण चालवून घेईन. कारखान्याची नोकरी शुक्रवारी सोडतोय. खोलीही सोडतोय."

त्याने ब्रश चुन्यात बुडवला. मी गप्प राहिले असते तर तो जानेवारीत आला असता. रोज वऱ्हांड्यात दिसला असता. मेपर्यंत... तेवढे महिने तरी माझे झाले असते. आणि मग त्याच्याकडे ना नोकरी, ना खोली, ना शिक्षण.

मी त्याचं मनगट धरलं.

"नको रंगवूस."

"का?"

"कॉलेज बंद होतंय. मे महिन्यात. नोकरी सोडू नकोस, इसिद्रो. शिकायचंच असेल तर शहरातल्या कॉलेजात जा."

माझा हात अजून त्याच्या मनगटावरच होता.

"हे सांगायची तुला बंदी होती, हो ना?"

मी मान हलवली.

"मग का सांगितलंस?"

"तू बूट पुसलेस म्हणून," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

तेवढ्यात पुन्हा पाऊस आला. ओला चुना दगडांवरून ओघळला आणि अख्खं अक्षर नासलेल्या दुधासारखं टेकडीवरून खाली वाहत गेलं. इसिद्रोने ब्रश माझ्या हातात ठेवला, हॅट घातली आणि तो उतरून गेला. मी पत्ता विचारला नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

आलेला मुलगा परत गेला म्हणून प्रॅटबाईंनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मला नोकरीवरून काढायचा प्रश्न आलाच नाही, मे महिन्यात ऑफिसच उरलं नाही. त्याआधी, मार्चात, बाबा गेले. उन्हाळाभर धूळ उडत राहिली आणि टेकडीवरचं अक्षर मातीच्या रंगाचं होऊन दिसेनासं झालं.

पुन्हा नोव्हेंबर आला, पण चुन्याचा दिवस आला नाही. बोलावणार कोण? तरी मी चुना कालवला, तो दगडाला धरावा म्हणून त्यात मीठ घातलं आणि एकटीच बादली घेऊन चढले. निम्मा चुना माझ्या घागऱ्यावर सांडला. म्हटलं, बाबांचा दगड तेवढा पांढरा करावा आणि हा नाद सोडावा.

वर सगळे दगड तपकिरी होते. बाबांचाही.

माझा मात्र पांढराशुभ्र होता.

मी बोट लावलं. बोटाला चुना लागला... ओला.

"तू पार खालून चढताना बघत होतो," मागून आवाज आला. "बादली एकटीने आणायची नसते, एवढं तरी कळायला हवं."

इसिद्रो. हातांवर वेल्डिंगचे बारीक डाग, हॅट हातात. बूट पुसलेले.

"तुला नियम सांगितला होता ना मी?" मी म्हटलं. "परक्याने हात लावायचा नाही म्हणून?"

"सांगितला होतास. वर्षभर तोच घोकत होतो."

"मग?"

"माझा दगड तू मला घेऊच दिला नाहीस. कॉलेज तर गेलंच. आता मला इथे विचारण्यासारखं एकच उरलंय, ओदी..." तो अडखळला. "चुकलं असेल तर पुसून टाकतो. अजून ओला आहे."

खाली कॉलेजच्या फाटकाची साखळी वाऱ्यावर वाजत होती. मला बाबांची फार आठवण आली. मग मी ब्रश बादलीत बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"बाबांचा राहिलाय," मी म्हटलं. "तू रंगव."