शेऱ्याचा रकाना

वाशिमच्या स्टँडवर आसेगावची गाडी लागली, तेव्हा सुकेशनी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर पोटाशी धरून उभी होती. मॉनिटर वगैरे काही नाही, नुसता डबा. पण होता जड. गर्दीतून वाट काढत ती चढली आणि मिळाली त्या सीटवर टेकली. खिडकीतून पौषाचा बोचरा वारा येत होता. तिनं चादरीचं टोक नीट खोचलं… डब्याभोवती, स्वतःभोवती नाही.

"पेशंट लय सिरियस हाय का?"

शेजारी खिडकीकडे एक तरुण बसला होता. तिशीचा असेल. मांडीवर हिरव्या पाइपाचं भलंमोठं वेटोळं.

"तुमाले काय करायचं?"

"काही नाई. तान्ह्या लेकराले गुंडाळावं तसं गुंडाळलं, म्हणून इचारलं."

तिला हसू आलं नाही. सकाळपासून ती तीन दुकानं फिरली होती आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर ऐकून आली होती. "दुकानवाले म्हणतात, फॉरमॅट मारा."

"मंग मारा."

"आमच्या ग्रंथालयाच्या सात हजार पुस्तकांच्या नोंदी हायेत याच्यात. दोन वर्षं एकटीनं बसून केल्या मी. तुमी मारता का?"

त्याचं हसू मावळलं. "झालं काय पण?"

"विंडोज नाई, लिनक्स हाय त्याच्यात. अपग्रेड केलं, तं अर्ध्यातच अडकलं. नवा डेटाबेस बसत नाई, जुना निघत नाई. एक काढतो म्हटलं की दुसरा आडवा येते…"

तो आता पुरता तिच्याकडे वळला. "लिनक्स? आसेगावात?"

"काहून? आसेगावात चालत नाई का?"

"चालते न!" तो मोठ्यानं हसला, पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. "तसं नाई हो. मी हैदराबादले हेच काम करतो. दिवसभर सर्वर सांभाळतो. तिकडं ज्याच्याशी बोला तो लिनक्सवाला. इकडं येऊन दोन महिने झाले, आज पयल्यांदा कोणाच्या तोंडून हा शब्द ऐकला."

त्याचं नाव बादल. आसेगावच्या पुढच्या बंजारा तांड्यावरचा. तिनं आपलं नाव सांगितलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागली. शेतांत तुरी कापून ठेवल्या होत्या. गाव आलं. उतरताना त्यानं न विचारता डबा आपल्या हातांत घेतला, आणि आपलं पाइपाचं वेटोळं तिच्या खांद्यावर दिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला तो ग्रंथालयात हजर झाला.

ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना. सकाळी चार-दोन रिटायर माणसं पेपर चाळून जायची. दुपारनंतर कुणी फिरकत नसे. कुणीतरी देणगी दिलेला हा जुना कॉम्प्युटर दुसऱ्या कशावर चालेना, म्हणून सुकेशनीनं व्हिडिओ पाहून पाहून त्यावर लिनक्स बसवलं होतं. शिकवायला कुणी नव्हतं, चुकलं तर हसायलाही कुणी नव्हतं. घरी तरी कोण होतं? भाऊ अनुप पुण्यात, त्याला मूल झालं तेव्हा आई लिलाबाई सांभाळायला गेली ती तिकडेच राहिली. एकतीस वर्षांची सुकेशनी दोन माणसांच्या घरात एक ताट घेऊन जेवायची.

बादलनं कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या.

"हे पाहा," तो म्हणाला. "तुमच्या पुस्तकांच्या प्रोग्रामले जुना डेटाबेस लागते. अपग्रेडनं नवा आणून ठेवला. दोघांले एकच फोल्डर पाह्यजे. म्हणून एकही धड बसला नाई."

"मंग एक काढून टाका."

"काढू. पण आधी तुमच्या नोंदी दुसरीकडं उतरवून घेऊ. त्याच्याबिगर मी हात लावणार नाई."

नोंदी डिस्कवर उतरवायला तासभर लागला. मग त्यानं नवा डेटाबेस काढायचा हुकूम दिला. ओळी सरकल्या, थांबल्या, आणि पडद्यावर एक प्रश्न उभा राहिला — आधीच्या सगळ्या नोंदी कायमच्या पुसून टाकायच्या का? होय. नाही.

खालची निळी पट्टी 'होय'वर होती.

बादलनं कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "तुमी दाबा."

"मी? मले भीती वाटते. तुमी दाबा न…"

"नोंदी तुमच्या हायेत. मी कोण हो-नाई म्हणणारा?"

तिनं बोट उचललं. पट्टी 'नाही'वर आणली, डोळे मिटले आणि दाबलं. डोळे उघडले तेव्हा तो पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होता.

"एवढे घट्ट कोणी मिटते का डोळे?"

"माहे डोळे हायेत. मी कोण हो-नाई म्हणणारे तुमी?" बोलता बोलता तिचं वाक्यच गडबडलं, आणि दोघंही हसले.

जुना डेटाबेस पुन्हा बसवायचा तर तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायला हवा, आणि खाली नेटवर्क म्हणून मिळेना. मग दोघं जिन्यानं गच्चीवर गेले. त्यानं मोबाइल कठड्यावर ठेवला. तिनं सकाळी कुणीतरी दिलेली हिरव्या हरभऱ्याची जुडी वर आणली. दोघं घाटे सोलत बसले. मोबाइलवरचा आकडा बारा टक्क्यांवर बराच वेळ अडून राहिला. कुणालाच घाई नव्हती.

"दोन महिने इथी काय करता?" तिनं विचारलं.

"भिंतींले पाणी मारतो."

"काय?"

"घर बांधून राह्यलो. माय-बा ऊसतोडीले गेले, पार सांगलीकडं. तांड्यावर चाळीस घरं हायेत, एकतीस घरांले कुलूप. सकाळ-संध्याकाळ मी आपला भिंतींले पाणी मारतो, दुपारी ऑफिसचं काम करतो. कधी कधी भिंतींशी बोलतो."

"मंग? काय म्हणतात भिंती?"

"म्हणतात, पाणी दे." त्यानं एक दाणा तोंडात टाकला. "दुसरं काही बोलतच नाई."

हे त्यानं हसत सांगितलं. पण सुकेशनीला हसता आलं नाही. कुलूप लावलेली एकतीस घरं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. मग तिनंही त्याला आपल्या घरातल्या एका ताटाचं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्राम उघडला. सात हजार दोनशे चौदा पुस्तकं, एकही कमी नाही. तिनं टाळी वाजवली आणि मग लाजून हात पदरात लपवले.

"चार-पाच नोंदी तपासून घेऊ, अक्षरं बरोबर दिसतात का ते," असं म्हणत बादलनं एक नोंद उघडली. पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तिथं 'फाटले', 'हरवले' असं लिहायचं असतं.

त्यानं वाचलं — 'पान पंचेचाळीसवर कुणाचं तरी हळदीचं बोट. स्वयंपाक करता करता वाचलं असेल.'

दुसरी नोंद. 'अंजनाबाईंनी चौथ्यांदा नेलं. या वेळी तरी शेवट वेगळा निघेल असं त्यांना वाटतं.'

"ते वाचू नका," सुकेशनी घाईनं म्हणाली. "ते आपलं… उगाच लिहिलेलं हाय."

पण तिसरी नोंद उघडली होती. 'आज दिवसभर कुणी आलं नाही. आवाज शाबूत आहे का बघायला हे पुस्तक मोठ्यानं वाचलं.'

कॉम्प्युटरचा पंखा गरगरत राहिला. तिनं मान खाली घातली. कुणी कधी हे वाचेल असं तिला वाटलंच नव्हतं. म्हणून तर लिहिलं होतं…

बादलनं हळूच ती नोंद बंद केली. मग नुसतं म्हणाला, "अक्षरं बरोबर दिसून राह्यली."

आणि निघून गेला.

पुढचे आठ दिवस कॉम्प्युटर अगदी सुरळीत चालला. सकाळी बटण दाबलं की सुरू, संध्याकाळी बंद. मध्ये एकदाही अडखळला नाही. बादलला यायला काही कारणच उरलं नव्हतं. जिन्यावर पाऊल वाजलं की सुकेशनी मान वर करायची. पेपर वाचायला येणारे सेवादासकाका असायचे, नाहीतर वारा. मोबाइलमध्ये त्याचा नंबर होता. दोनदा तिनं तो काढला, दोनदा परत ठेवला. फोन करून सांगायचं तरी काय?

नवव्या दिवशी तिच्या मनात एक वेडा विचार आला. एक चुकीची ओळ टाइप करायची, बस्स. सगळं पुन्हा अडकेल. मग फोन करता येईल… तिनं ती ओळ टाइपसुद्धा केली. करंगळी एंटरच्या बटणावर टेकवून ती बराच वेळ बसली. मग एकेक अक्षर खोडलं. खोटं बोलून बोलावलं, तर तो कॉम्प्युटरसाठी येईल. तिला तो तसा यायला नको होता.

तिनं भरदुपारी ग्रंथालयाला कुलूप लावलं, स्कूटी काढली आणि तांड्याच्या रस्त्याला लागली.

तांडा खरंच मुका होता. बंद दारं, ओस ओटे, एका अंगणात उलटी पडलेली बाज. टोकाला विटांच्या नव्या भिंती उभ्या होत्या आणि बादल हातात पाइप धरून त्या भिजवत होता. स्कूटीचा आवाज ऐकून तो वळला. पाण्याची धार थेट त्याच्याच पायांवर आली.

"काय झालं? पुन्हा बिघडलं का?"

"नाई. सगळं चालू हाय."

"मंग?"

"मंग काय… आली." तिनं स्कूटी स्टँडला लावली. "आठ दिवसांत एक बार जिना चढला असता तं पाय झिजले असते का तुह्ये?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, तिलाही कळलं नाही. त्यानं पाइप खाली टाकला. "रोज निघत होतो. वाटलं… तुहं मनातलं वाचून बसलो, आता कोणत्या तोंडानं जाऊ? आणि ऑफिसवाल्यांनी परत बोलावलं. रविवारी चाललो मी."

रविवार परवावर होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "माय हाय," तो म्हणाला आणि फोन कानाला लावला. गोरबोलीत, आपल्या बंजारा भाषेत, भरभर काहीतरी बोलला, त्यात तिला फक्त स्वतःचं नाव कळलं. मग त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "तुह्याशी बोलते म्हणते."

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज, आणि त्यावर चढवलेला धनीबाईंचा आवाज — "पुस्तकवाली पोरगी तूच का वं?"

"हो… मावशी."

"घरी एकलीच रायतं म्हने तू. जेवन करतं का नाई दोन्ही टाइम? का एकलीसाठी कोन रांधते म्हनून उपाशीच झोपतं?"

सुकेशनीच्या एकटीच्या ताटाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

"आमी होळीले घरी येऊन राह्यलो," धनीबाई म्हणाल्या. "तवा येजो. पाह्यतो तुले."

फोन बंद झाला. सुकेशनीनं तो परत दिला. "तुह्या मायले माह्या जेवणाचं कसं माहीत?"

"मीच सांगितलं. सगळंच सांगितलं मायले." तो ओल्या मातीत पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढत होता. "तुलेच सांगाचं राह्यलं."

"मंग सांग न."

त्यानं वर पाहिलं. "सुकेशनी… मले आवडतं तू. लय. मले हैदराबादले घर हाय, पण तिथीही मी भिंतींशीच बोलतो. तू म्हणशीन तं अर्धं वर्ष इथून काम करतो. पण समाज येगळा हाय आपला. तुह्या घरचे?"

"आई रडंन थोडी. अनुपदादा चिडंन जास्त." तिनं नाक ओढलं. "मी ऐकवतो त्याईले. ते माह्यावर सोड."

"म्हणजे… हो?"

"आता काय बटण दाबून सांगू?"

तो हसला, मग हसता हसता थांबला. त्यानं पुढे केलेला हात ओला होता, गार होता. तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. भोवती सगळ्या घरांना कुलपं होती आणि हरभऱ्याच्या शेतावरून वारा येत होता.

"होळी कवा हाय?" तिनं विचारलं.

"बेचाळीस दिवसांनी."

"लय दूर हाय रे…"

"हो," तो म्हणाला. "तू इथून मोज, मी तिथून मोजतो. एकवीस-एकवीस येतीन वाट्याले."