तिसऱ्या साइडिंगचा बल्ब

"घर हाय का यार्ड? जेवायचं ताट कुटं ठेवू, रुळावर?" माजिदाचाची माझ्या कानाशी पुटपुटली. मी तिच्या पलंगाखाली उताणी पडून वायरी जोडत होते. ती शेजारी बसून बॅटरीचा उजेड धरत होती.

पलंगावर प्लायवूड, त्यावर तिच्या नवऱ्यानं, इसूफचाचांनी, मांडलेलं खेळण्यातलं होटगी स्टेशन. चाचा खऱ्या होटगीला चौतीस वर्षं पॉइंटमन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. मी शेजारची. मिक्सर आणि इस्त्र्या उघडून उघडून वायरिंग शिकलेली. नवऱ्याच्या मते मोडून मोडून.

काम साधं. साइडिंगच्या, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळांना खालून दोन वायरी. इंजिन उभं राहिलं की चाकांतून करंट फिरतो आणि त्या साइडिंगचा प्लायवूडवरचा तांबडा बल्ब लागतो. साइडिंग रिकामी, तर बल्ब बंद. दोन साइडिंगांवर खेळण्यातली इंजिनं होती. तिसरी चाचांनी रिकामी ठेवली होती.

"आरिफ आला की त्याच्या हातानं ठेवू दे," चाचा वरून म्हणाले. "पोराला लई हौस."

चाचीनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

आरिफ त्यांचा एकुलता मुलगा. चाचांच्या हार्टच्या बायपासच्याच दिवशी तो रूळ ओलांडताना गेला. डॉक्टर म्हणाले, यांना धक्का नको. मग सगळ्या गल्लीनं एकच धरलं : आरिफ लांब ड्यूटीवर आहे. मीही दोनदा तसं सांगितलं, त्यांच्या चपलांकडं बघत. उद्या त्याचा चाळिसावा दिवस, दुआचा. बापाला वगळून दुआ कशी मागायची? आज सांगायचंच, तू सोबत ऱ्हा, म्हणून चाचीनं मला बोलावलं होतं. वायरी हे निमित्त.

दुपारी अडीचला मी बाहेर आले, धूळ झटकली आणि बटण दाबलं.

तिन्ही बल्ब लागले.

"शॉर्ट असेल," मी म्हणाले. मीटर लावला. शॉर्ट नव्हता. रुळांवर टाचणीसुद्धा नव्हती.

तिसरीच्या दोन्ही वायरी तोडल्या. बल्ब लागलेलाच.

मग बल्बाच्याच वायरी काढल्या. बल्ब माझ्या तळहातावर आला, जळत.

रुळाला बोट लावलं. कोमट होता. थरथरत होता, लांबून मालगाडी येताना थरथरतो तसा. थरथर हळूहळू मंदावली. थांबली. ब्रेक घासल्याचा करपट वास आला.

चाचांनी चष्मा लावला आणि रिकाम्या रुळाच्या शेवटाकडं वाकले.

"काय बघताय, चाचा?"

"शेवटचा डबा. तो बघितल्याबिगर गाडी आली म्हणायची नसती, मीनाबाई."

त्यांची नजर सावकाश सरकत होती. एकेका डब्यावरून सरकावी तशी. टोकाला थबकली. त्यांनी मान जरा कलती केली, कोणाचं तरी ऐकताना करतात तशी.

चाचीनं पदर तोंडात कोंबला.

चाचा सरळ झाले. आवाज रोजचाच.

"माजिदा, आपला आरिफ मेलाय. उद्या चाळिसावा हाय, तोच म्हणतोय."